लीद, सुळे आणि प्रबंध

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, सिअ‍ॅटल शहरातल्या वॉशिंग्टन विद्यापीठात, ‘सेंटर फॉर कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी’ नावाचे एक केंद्र आहे. (राजधानीचे वॉशिंग्टन वेगळे, ते देशाच्या पार दुसऱ्या टोकाला.) या केंद्राने आजवर ज्या प्राण्यांवर काम केले त्यांतला एकही तिथे पाहायला मिळत नाही. पिंजरा नाही, भुसा भरलेले वाघ-अस्वल नाही. आहेत ते फ्रीझर. आफ्रिकेतल्या देशोदेशींच्या हत्तींची लीद, समुद्रातून गाळून काढलेली देवमाशांची विष्ठा, कॅनडाच्या बर्फातून वेचलेल्या कॅरिबूंच्या (रेनडिअरच्या) लेंड्या आणि बंदरांवर पकडलेल्या हस्तिदंतांचे आगपेटीएवढे तुकडे, असा माल तिथे पोचतो. या संग्रहातले लेख या केंद्रातल्या विद्यार्थ्यांच्या, संशोधकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या कामावर आहेत. लेख सुटे वाचले तर ते वेगवेगळ्या प्राण्यांच्या गोष्टी वाटतात. त्यांना बांधणारा धागा प्रस्तावनेत दाखवावा, एवढाच माझा हेतू.

धागा सुरू होतो टांझानियातल्या मिकुमी राष्ट्रीय उद्यानात. केंद्राचे संस्थापक सॅम्युअल वॉसर तेव्हा विद्यार्थी होते आणि पिवळ्या बबून माकडांवर पीएच.डी. करत होते, 1981 मध्ये ती याच विद्यापीठाकडून मिळाली. प्रश्न निव्वळ वर्तनशास्त्राचा होता. बबूनांच्या टोळीतल्या माद्या एकत्र येऊन एखादीला सतत छळतात. त्या छळाने तिची गर्भधारणा लांबते का, गर्भ पडतो का? हे नुसते पाहून ठरवता येत नाही, शरीरातली संप्रेरके मोजावी लागतात. त्यासाठी रक्त हवे, आणि रक्तासाठी प्राण्याला भुलीचा बाण मारायला हवा. तणाव मोजायला जायचे आणि आधी आपणच तणाव द्यायचा, असा हा पेच.

वाट निघाली ती विष्ठेतून. संप्रेरके आपले काम झाल्यावर यकृतात मोडली जातात आणि त्यांचे अवशेष पित्तावाटे आतड्यात उतरतात. रक्ताचा थेंब त्या क्षणापुरते सांगतो. विष्ठेत मागच्या काही तासांची, कधी दिवसाची सरासरी साठलेली असते. म्हणजे ज्याला आपण दुय्यम पुरावा समजत होतो तो या प्रश्नासाठी रक्तापेक्षा सरस ठरला. प्राण्याला हात लावायचा नाही, त्याला आपण आलो होतो हे कळूही द्यायचे नाही. पुढे या केंद्रात जे जे झाले त्याचे मूळ या सोयीत आहे.

संप्रेरकांपाठोपाठ डीएनए आला. विष्ठा आतड्यातून पुढे सरकताना आतड्याच्या अस्तरातल्या पेशी तिच्या बाहेरच्या थराला चिकटतात. तो थर खरवडून घेतला तर प्राण्याची जात, लिंग आणि तो नेमका कोणता प्राणी हेही कळू शकते. अस्वलांच्या विष्ठेवर हे कसे करावे याचा या गटाचा लेख 1997 मध्ये आला. ‘कळू शकते’ हे मी मुद्दाम लिहिले. उन्हापावसात पडलेल्या विष्ठेतला डीएनए तुटलेला असतो, त्यात पचलेल्या गवताची आणि जंतूंची भर असते आणि पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया) अडवणारी रसायने असतात. एकाच नमुन्यातून आज जनुकाच्या दोन्ही प्रती दिसतात, उद्या एकच. म्हणून तोच नमुना पुन्हा लावायचा, आणि पुन्हा. वन्यजीव संशोधनाचे नाव काढले की कॅमेरा गळ्यात अडकवून जीपमध्ये उभा राहिलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. या क्षेत्रातल्या विद्यार्थ्यांचे बहुतेक तास पांढऱ्या दिव्याखाली, पिपेट हातात धरून, इवल्या नळ्यांवर क्रमांक घालण्यात जातात. हे काम ज्याला जमत नाही त्याने या वाटेला जाऊ नये. सहली स्वतंत्रपणे काढता येतात.

नमुने मिळवायचे कसे? माणसाच्या डोळ्यांना रानातली विष्ठा फार कमी दिसते आणि दिसते तीही वाटेवरची. त्यामुळे वाटेने चालणाऱ्या प्राण्यांचाच हिशोब फुगतो. 1997 मध्येच केंद्राने कुत्र्यांची तुकडी उभी केली. अमली पदार्थ हुडकणाऱ्या कुत्र्यांना शिकवतात तीच पद्धत, फक्त वास वेगळा. निवडलेले कुत्रे बहुधा प्राणी-निवाऱ्यातून आणलेले, घरात कोणी ठेवून न घेतलेले, कारण ते चेंडूसाठी वेडे असतात आणि थकत नाहीत. विष्ठा सापडली की बक्षीस म्हणून चेंडू. यातल्या गमतीवर एका लेखात बरीच पाने खर्ची पडली आहेत, म्हणून मी आवरते घेतो. फक्त एक नोंदवतो: टकर या काळ्या लॅब्रेडॉर-मिश्र कुत्र्याचे नाव जगभरच्या वृत्तपत्रांत छापून आले, त्याने शोधलेल्या नमुन्यांवर महिनोन्महिने राबलेल्या मुलामुलींची नावे शोधनिबंधाच्या शीर्षकाखाली पाहावी लागतात.

टकरचे काम मात्र विलक्षण होते. वॉशिंग्टन राज्य आणि ब्रिटिश कोलंबिया यांच्यामधल्या समुद्रात ओर्कांचे, म्हणजे काळ्या-पांढऱ्या शिकारी देवमाशांचे काही कळप उन्हाळ्यात येतात. अमेरिकेने 2005 मध्ये त्यांना संकटग्रस्त ठरवले. संख्या का घटते याची तीन उत्तरे मांडली जात होती. त्यांचे मुख्य अन्न असलेला चिनूक सॅमन मासा कमी झाला आहे. प्रेक्षकांना घेऊन येणाऱ्या नौकांचा जाच होतो. किंवा शरीरात साठलेली औद्योगिक विषे त्यांना पोखरत आहेत. प्रत्येक उत्तरामागे कोणाचा ना कोणाचा धंदा होता, त्यामुळे प्रत्येकाला दुसऱ्याला दोषी ठरवणारे उत्तर पसंत होते. मच्छीमार नौकांकडे बोट दाखवत, नौकावाले सॅमनची वाट अडवणाऱ्या धरणांकडे.

ओर्काची विष्ठा पाण्यावर थोडा वेळच तरंगते, मग बुडते. नाव वाऱ्याला आडवी चालवायची, टकर नाळेवर उभा. वास लागला की तो त्या बाजूला झुकतो, नावाडी सुकाणू वळवतो, वास सुटला की कुत्रा मागे वळतो. मैलभर अंतरावरून त्याने असे माग काढले. या कुत्र्याला स्वतः पाण्यात भिजायला अजिबात आवडत नसे, ही जाता जाता सांगण्याजोगी गोष्ट.

खरी करामत पुढे आहे. तणावाची संप्रेरके, ग्लुकोकॉर्टिकॉइड, उपासमारीतही वाढतात आणि त्रासातही. एवढ्यावर काही ठरत नाही. पण थायरॉइडचे टी-3 हे संप्रेरक उपासमारीत घटते, कारण शरीर आपली भट्टी मंद करते. क्षणिक भीतीचा त्याच्यावर तसा परिणाम होत नाही. दोन्ही एकाच विष्ठेत मोजली की भूक आणि जाच वेगळे काढता येतात. कॅथरिन एअर्स आणि सहकाऱ्यांचा हा निबंध 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. ऑगस्टमध्ये नौकांची गर्दी सर्वांत जास्त, आणि नेमका तेव्हाच ओर्कांचा तणाव सर्वांत कमी होता. कारण त्याच वेळी फ्रेझर नदीकडे जाणारा चिनूक मुबलक होता. 2017 च्या निबंधात अशाच नमुन्यांतली गर्भावस्थेची संप्रेरके पाहिली. 2008 ते 2014 या काळात ओळखता आलेल्या गर्भधारणांपैकी 69 टक्क्यांपर्यंत अपयशी ठरल्या होत्या. मादी गाभण राहत होती, पिल्लू जगात येत नव्हते, आणि मोजणी करणाऱ्याला दुर्बिणीतून यातले काहीच दिसत नव्हते. तिसरे उत्तर, विषांचे, तेही निकालात निघाले नाही. उपाशी ओर्का अंगातली चरबी वापरतो आणि चरबीत दडलेली विषे तेव्हाच रक्तात येतात. म्हणजे तिन्ही उत्तरे एकमेकांत गुंतलेली, पण गाठ सोडवायची सुरुवात माशापासून करावी लागणार. आणि माशाचा प्रश्न नद्यांवरच्या धरणांपर्यंत जातो. तिथे संशोधकाचे काम संपते. भांडण मात्र आजही चालू आहे.

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात असेच घडले. तेलवाळूच्या खाणींच्या प्रदेशात कॅरिबू घटत होते आणि सरकारी उपाय होता लांडगे मारण्याचा. लांडग्यांच्या विष्ठेने सांगितले की त्यांचा भर हरणांवर आहे, कॅरिबूंवर नाही. कॅरिबूंच्या लेंड्यांनी सांगितले की माणसांची आणि यंत्रांची वर्दळ वाढते तेव्हा त्यांची प्रकृती ढासळते. 2011 च्या या निबंधाच्या लेखकांत अल्बर्टा विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुभाष लेले यांचे नाव वाचून मराठी वाचक क्षणभर थबकेल. थबकावेच, कारण या शास्त्रात संख्याशास्त्रज्ञ शेवटी बोलावलेला पाहुणा नसतो. नमुने कुठून आणि किती घ्यायचे इथपासून त्याचे मत लागते.

आता हस्तिदंत. या केंद्राची जगाला जी ओळख आहे ती यामुळे, आणि संग्रहातला सर्वांत मोठा भागही हाच. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1989 मध्ये बंदी आली. बंदीनंतर तस्करी कमी झाली, मग पुन्हा वाढली. बंदरावर कंटेनर पकडला जातो तेव्हा सुळे कुठून निघाले ते कळते. हत्ती कुठे मारले ते कळत नाही. माल मुद्दाम तिसऱ्याच देशातून पाठवलेला असतो. मग गस्त वाढवायची कुठे?

वॉसर यांच्या गटाने उलटी सुरुवात केली. आधी आफ्रिकाभरच्या हत्तींचा जनुकीय नकाशा करायचा, आणि तोही लिदेतून. वनरक्षक, अभ्यासक, पशुवैद्य अशा अनेकांनी नमुने पाठवले. डीएनएत काही ठिकाणी दोन-चार अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो आणि किती वेळा येतो ते हत्तीगणिक बदलते. अशी 16 ठिकाणे मोजली. एकमेकांजवळ राहणाऱ्या हत्तींत साम्य जास्त, दूरच्यांत कमी. त्यामुळे जिथून नमुना घेतलाच नाही अशा मधल्या जागेचाही अंदाज बांधता येतो. हे गणित मॅथ्यू स्टीफन्स या संख्याशास्त्रज्ञाने बसवले आणि 2004 मध्ये ते प्रसिद्ध झाले. पुढे हा नकाशा 29 देशांतल्या 71 ठिकाणांहून आलेल्या 1,350 नमुन्यांपर्यंत वाढला. अज्ञात सुळ्याचे मूळ तो साधारण 300 किलोमीटरच्या आत दाखवतो. आफ्रिकेच्या आकारमानात हे अंतर पुरेसे उपयोगी आहे.

सुळ्यातून डीएनए काढणे हा वेगळाच उपद्व्याप. दात तापला की डीएनए मोडतो, म्हणून तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून त्याची पूड करतात. त्याआधी गोदामात शेकडो सुळे जमिनीवर मांडायचे, बुडाचा घेर, हिरडीची खूण आणि रंग पाहून एकाच हत्तीच्या जोड्या लावायच्या आणि मग कोणते तुकडे घ्यायचे ते ठरवायचे. हे काम उष्ण, धुळीचे आणि दुर्गंधीचे आहे. त्यात कधी पिल्लाचा सुळा हाती येतो.

2002 च्या जूनमध्ये सिंगापूरला साडेसहा टन हस्तिदंत पकडले: 532 सुळे आणि जपानी शिक्क्यांसाठी कापलेल्या 42,000 च्या वर कांड्या. माल मलावीतून निघाला होता. तपास करणाऱ्यांना वाटत होते की तो अनेक देशांतून गोळा केला असावा. डीएनएने झांबिया आणि त्याच्या आसपासचा गवताळ प्रदेश दाखवला. एका प्रदेशातून एवढा माल निघाला, म्हणजे ही भुरटी चोरी नव्हती. 2015 मध्ये 28 मोठ्या जप्तींचा एकत्र निबंध आला. 2006 नंतरच्या मालापैकी 85 टक्क्यांहून जास्त हस्तिदंत दोनच मुख्य प्रदेशांतले निघाले: गवताळ रानातल्या हत्तींचे पूर्व आफ्रिकेतून, विशेषतः आग्नेय टांझानिया आणि उत्तर मोझांबिकमधून; घनदाट जंगलातल्या हत्तींचे गॅबन, काँगो आणि कॅमेरून जिथे मिळतात त्या पट्ट्यातून. त्याच वर्षी टांझानिया सरकारने गणती जाहीर केली. 2009 मध्ये सुमारे 1,09,000 असलेले हत्ती 2014 मध्ये 43,000 च्या आसपास उरले होते. नकाशा आणि गणती एकाच जागेकडे बोट दाखवत होत्या.

यानंतरची पायरी मला सर्वांत चतुर वाटते. गोदामात जोड्या लावताना निम्म्याहून जास्त सुळे एकेकटे निघत. दुसरा कुठे गेला? वेगवेगळ्या जप्तींचे डीएनए ताडून पाहिले तेव्हा एकाच हत्तीचे दोन सुळे दोन वेगळ्या कंटेनरांत सापडले. तेही एकाच बंदरातून, थोड्या महिन्यांच्या अंतराने निघालेले. म्हणजे दोन्ही कंटेनर भरणारा हात एकच. 2018 च्या निबंधात अशा दुव्यांतून मोंबासा, एंटेबे आणि लोमे इथल्या तीन टोळ्या उभ्या राहिल्या. 2022 मध्ये पुढचे पाऊल पडले: एकच हत्ती कशाला, आई आणि लेक, भाऊ आणि बहीण यांचे सुळे शोधले तरी दुवा मिळतो. 49 जप्तींतल्या 4,320 सुळ्यांत असे शेकडो दुवे निघाले. बबूनांच्या छळाचा प्रश्न घेऊन निघालेली विद्या इथवर आली. कुठलीही अनुदान-समिती 1978 मध्ये या प्रवासाला पैसे देती ना, कारण अर्जात तो लिहिताच आला नसता.

इथे थोडे थांबून कडू तेही सांगायला हवे. प्रयोगशाळा कोणाला अटक करू शकत नाही. मोंबासातल्या एका मोठ्या खटल्यात 2016 मध्ये व्यापाऱ्याला वीस वर्षांची शिक्षा झाली आणि 2018 मध्ये वरच्या न्यायालयाने कार्यवाहीतल्या त्रुटींमुळे त्याला सोडले. जप्तीचे नमुने लवकर मिळावेत म्हणून 500 किलोंवरच्या प्रत्येक जप्तीचे नमुने 90 दिवसांत पाठवावेत असे हस्तिदंत-व्यापारावर बंदी घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांनी ठरवले. प्रत्यक्षात सुळे वर्षानुवर्षे सरकारी कोठारात कुलूपबंद राहतात. आणखी एक प्रश्न मला टोचतो. आफ्रिकेतला हत्ती, आफ्रिकेतला गुन्हा, आणि उत्तर शोधायला तुकडा सिअ‍ॅटलला का जावा? तंत्र तिथे जन्मले हे खरे, पण एका विद्यापीठावर, खरे तर एका गटावर, सगळ्या खंडाने अवलंबून राहणे धोक्याचे आहे. केनियाच्या वन्यजीव खात्याने 2015 मध्ये नैरोबीत स्वतःची न्यायवैद्यक प्रयोगशाळा उघडली, ती दिशा योग्य वाटते. संग्रहातल्या एकाही लेखाने हा मुद्दा नीट घेतलेला नाही.

विद्यापीठातल्या प्रयोगशाळेची घडण मुळातच विचित्र असते. हत्ती साठ वर्षे जगतो, ओर्काची मादी त्याहूनही जास्त जगू शकते, पीएच.डी. पाच-सहा वर्षांत संपवावी लागते आणि अनुदान तीन वर्षांत आटते. विद्यार्थ्याला स्वतःचा, वेगळा, पूर्ण होणारा प्रश्न हवा असतो. प्राण्याला हवे असते दीर्घकाळ एकाच पद्धतीने चाललेले मोजमाप. ही ओढाताण कोण सांभाळतो? माझ्या मते तंत्रसाहाय्यक, नमुन्यांची नोंद ठेवणारे आणि कुत्रे हाताळणारे. विद्यार्थी येतात-जातात, कुठल्या रॅकवर कोणत्या वर्षाची लीद आहे आणि तेव्हा कोणते रसायन वापरले होते, हे ज्याला ठाऊक तो टिकला तरच जुना नमुना नव्या प्रश्नाला उपयोगी पडतो. आपल्या विद्यापीठांत ही पदे रिकामी ठेवून नवी यंत्रे घेण्याची हौस आहे. यंत्राचे उद्घाटन होते, नोंदवहीचे होत नाही.

भारताशी या धाग्याचा संबंध दूरचा नाही. सम्राट मंडल हे बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात उमा रामकृष्णन यांच्याकडे वाघांच्या विष्ठेवर पीएच.डी. करत होते. बांदीपूरच्या वाघांची संख्या विष्ठेतल्या डीएनएवरून आणि कॅमेऱ्यांवरून अशी दोन्ही प्रकारे काढली तर अंदाज जवळपास सारखे येतात, हे त्यांच्या 2009 च्या निबंधाने दाखवले. मग ते सिअ‍ॅटलला वॉसर यांच्या केंद्रात गेले, आफ्रिकेतल्या घनदाट जंगलातल्या आणि गवताळ रानातल्या हत्तींच्या संकरावर काम केले, आणि परतून देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत रुजू झाले. 2013 चा मध्य भारताचा अभ्यास आपल्या अधिक जवळचा. आदित्य जोशी यांच्यासह मंडल आणि रामकृष्णन त्याच्या लेखकांत आहेत. सहा संरक्षित वनांतल्या 55 वाघांच्या जनुकांवरून त्यांनी दाखवले की या टापूत वाघ 650 किलोमीटरच्या घरात प्रवास करतात. दोन जंगलांमधले अंतर त्यांना फारसे अडवत नाही. अडवतात त्या वस्त्या आणि रस्त्यांचे जाळे. विदर्भात राहणाऱ्याला हे वाचून नागपूर–सिवनी रस्ता आठवेल. पेंचच्या परिसरात त्या रस्त्याखाली प्राण्यांसाठी मार्ग सोडले गेले, त्यामागे न्यायालयातली लांब लढाई होती. पुढे कॅमेऱ्यांत त्याखालून जाणारे वाघही दिसले.

महाराष्ट्रातला एखादा विद्यार्थी हे वाचून या वाटेला जायचे म्हणेल तर त्याला दोन-तीन गोष्टी माहीत असाव्यात. संरक्षित वनातली वाघाची विष्ठासुद्धा वनखात्याच्या परवानगीशिवाय उचलता येत नाही आणि परवानगीला वेळ लागतो. तो वेळ प्रबंधाच्या आराखड्यात धरावा. फील्डवर वनमजुराला जेवढे दिसते तेवढे आपल्याला दिसत नाही, तेव्हा त्याचे नाव आभारात शेवटी टाकू नये. आणि गणित टाळता येत नाही. संग्रहात सुळ्यांच्या मूळ ठिकाणाचा अंदाज कसा बांधतात यावरचा लेख शेवटी आहे, आकृत्या पाहून बरेच जण तो ओलांडतील. माझी सूचना अशी की तो हस्तिदंताच्या लेखांआधी, हातात पेन्सिल घेऊन वाचावा. त्यातल्या दुसऱ्या आकृतीपाशी अडलात तर पुढे न जाता तिथेच थोडा वेळ घ्या, बाकी सगळे तिच्यावर उभे आहे.